पट्टीखाली

एकतीस वर्षं मी नदी वाचली.
गिरणेच्या बंधाऱ्यावर, सकाळी आठला,
भिंतीत रुतवलेली पांढरी पट्टी, काळे आकडे
आणि कार्बन घातलेली वही.
पाण्याला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही,
आकडा मात्र विचारायचे, जळगावहून, फोनवर, रोज.

आता आकडा माझा आहे.
चाळीसगावला, स्टेशन रोडच्या लॅबमध्ये
तरन्नुम पिंजारी डाव्या दंडाला रबर आवळते,
"काका, मूठ."
मी मूठ वळतो, आणि एवढ्याशा नळीत
एक संथ, काळपट आवर्तन सुटतं.

पहिल्यांदा आला होता चौदा पूर्णांक दोन.
धुळ्याचे डॉक्टर कासार कागदाकडे बघत बोलले,
मी त्यांच्या पेनाकडे. टोपण चावलेलं होतं.
धोक्याची पातळी किती, मी विचारलं.
चार, ते म्हणाले, साधारण.
म्हणजे दहा वर पुरात उभा होतो मी
आणि पायजमासुद्धा भिजला नव्हता.

ऑपरेशनआधी पुन्हा एकदा तपासलं.
दोन दिवस सायकल बंद म्हणाले,
सीटच्या दाबानंही आकडा चढतो.
पटलं मला. म्हैस पाण्यात बसली
तरी पट्टीवर बोटभर फरक पडायचा,
ती उठेपर्यंत मी वही उघडायचो नाही.
म्हैस उठली.
आकडा होता तिथेच.

मग काढून टाकली ती ग्रंथी.
नळी निघाली, गळती सुरू झाली.
दरवाजा क्रमांक तीनची गळती
मी हयातभर लाल शाईनं लिहिली,
वरून दुरुस्ती कधी आली नाही.
आता खोकलो की मीच दरवाजा क्रमांक तीन.
केवळबाई जुनं लुगडं फाडते, घड्या घालते,
धुऊन वाळत टाकते टॉवेलच्या आड.
यावर आम्ही बोललेलो नाही.

सहा आठवडे थांबा म्हणाले,
रक्तात जुनं आहे ते ओसरू द्या.
पूर ओसरायला किती लागतं
ते मला कुणी शिकवू नये. तरी
दुधाच्या खाड्यांशेजारी बेचाळीस टिंबं दिली मी
कॅलेंडरवर.

रिपोर्ट आला. आकड्याआधी एक चिन्ह,
उघडी चोच. याच्यापेक्षा कमी.
मी म्हटलं, शून्य.
डॉक्टर म्हणाले, शून्य नाही म्हणत आम्ही.
आमच्या यंत्राला दिसत नाही, असं म्हणतो.

मी गप्प झालो.
मे महिन्यात पाणी पट्टीच्याही खाली जायचं
तेव्हा मी लिहायचो, पट्टीखाली.
साहेब ते शून्य धरायचे.
आणि त्याच दुपारी खालच्या गावच्या बाया
वाळू हातभर उकरून
हंडे भरून न्यायच्या.
त्या झिऱ्यांचं तेव्हा काय कौतुक होतं मला.

दर तीन महिन्यांनी जातो.
जावई म्हणतात पुण्याला करू, मोठी लॅब आहे.
नको. पट्टी बदलली
की कागदावर नदीही बदलते.
तीच लॅब, तीच खुर्ची, जमलं तर तरन्नुमच.
तिच्या लग्नाचं ठरतंय मालेगावला,
हा एक घोर वेगळाच.

या खेपेला चोच नव्हती.
नुसताच आकडा. शून्य पूर्णांक शून्य पाच.
डॉक्टर फोनवर म्हणाले, एका नोंदीवरून काही ठरत नाही,
तीन महिन्यांनी बघू.
बरोबर आहे. एका नोंदीनं पूर येत नाही,
मीच हे नव्या पोरांना सांगायचो.
कागद शर्टाच्या खिशात चौघडी करून ठेवला,
स्टँडवरून घरी चालत आलो.

"आकडा कितला उना?"
"पट्टीखालीच शे."

केवळबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग खिशाकडे.
तिचं माहेर खालच्याच गावचं.
वाळू तिनं उकरली आहे, मी नाही.

"मंग जेवी ल्या," म्हणाली,
आणि गार झालेली भाकरी
पुन्हा तव्यावर टाकली.